कृष्णवर्णीय घरांतलं पालकपण : ओळख, संगोपन आणि स्वतःची वाढ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांविषयी आहे. अशा घरांत लग्न होऊन गेलेली मराठी माणसं, तिथे शिक्षक, नर्स किंवा समुपदेशक म्हणून काम करणारी मंडळी आणि त्यांचे इकडचे आईवडील हेच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. उत्तरांमागे आमचा एक ठाम आग्रह आहे: मुलाला जगातल्या धोक्याची सूचना देण्याआधी त्याच्याजवळ स्वतःचं असं काही असायला हवं. नाव, केस, गोष्टी, सण, माणसं. हा क्रम उलटला की मूल स्वतःच्या रंगाकडे फक्त संकट म्हणून बघायला लागतं.

आफ्रिकी डायस्पोरा (मूळ भूमीबाहेर विखुरलेला समाज) म्हणजे नेमके कोण लोक?

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांवर चढवलं गेलं. त्यांतली सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. सगळ्यांत जास्त, पन्नास लाखांच्या जवळपास, ब्राझीलमध्ये. आजच्या अमेरिकेत थेट उतरवलेल्यांचा आकडा चार लाखांच्या आतच आहे. त्यांचे वंशज, १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला गेलेली ‘विंडरश’ पिढी आणि गेल्या काही दशकांत नायजेरिया, घाना, सोमालिया, इथिओपिया इथून स्थलांतरित झालेली कुटुंबं, हे सगळे यात येतात.

म्हणून ‘सगळे एकच’ असं धरून चालू नका. नायजेरियातल्या लागोसमध्ये वाढलेल्या आईला ‘कृष्णवर्णीय’ ही ओळख परदेशी विमानतळावर उतरल्यावर मिळालेली असते. त्याआधी ती योरुबा किंवा इग्बो जमातीची असते. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये वाढलेल्या वडिलांना ती पाळण्यापासून चिकटलेली असते. दोघांचं लग्न झालं तर मुलाला कशाची भीती घालायची आणि कशाची नाही, यावरून घरात खरे वाद होतात.

मुलाशी वंश आणि रंगाबद्दल कधी बोलायला सुरुवात करावी?

तीन वर्षांच्या आसपास. तीन महिन्यांची बाळंही ओळखीच्या वंशाचे चेहरे जास्त वेळ न्याहाळतात, आणि बालवाडीच्या वयात मुलं कोण ‘चांगलं’ दिसतं हे आजूबाजूचं बघून ठरवू लागतात. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या मुलांपुढे ठेवून हेच दाखवलं होतं. अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून निवडली. शाळांमधली वंशानुसार विभागणी बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. घरात विषय काढला नाही तर मुलाला रंग दिसत नाही असं होत नाही. रंगाचा अर्थ मूल दुसऱ्याकडून घेतं, एवढंच.

डायन ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. पालकांचं बोलणं चार प्रकारचं असतं असं त्यांनी मांडलं: संस्कृती आणि अभिमान देणं, भेदभावाची तयारी करून घेणं, इतरांवर अविश्वास शिकवणं, आणि ‘सगळे सारखेच’ म्हणून विषय टाळणं. पहिल्या प्रकाराचे चांगले परिणाम सर्वांत सातत्याने दिसतात. दुसरा गरजेचा आहे, पण एकटाच दिला तर मूल चिंतेत राहतं. तिसऱ्याने नुकसान होतं. चौथा ऐकायला गोड असतो, आणि पहिल्यांदा कोणी वाईट बोललं की मुलाला तोंडघशी पाडतो.

प्रत्यक्षात काय करायचं? तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी चित्रांची पुस्तकं निवडा, पण निदान निम्म्या पुस्तकांत कृष्णवर्णीय मूल नायक असावं आणि गोष्ट गुलामगिरीची नसावी. पावसात खेळण्याची, हरवलेल्या मांजराची असावी. सहा ते नऊमध्ये इतिहास सांगा, आणि सुरुवात आफ्रिकेतल्या राज्यांपासून, कारागिरांपासून, शोधकांपासून करा, गुलामगिरी त्यानंतर. मूल विचारतं, ‘त्यांना गुलाम का केलं?’ याचं उत्तर ‘रंगामुळे’ असं देऊ नका. ‘काही लोकांना फुकट राबवायला माणसं हवी होती, आणि आपण करतोय ते योग्य आहे असं दाखवायला त्यांनी रंगाचं कारण पुढे केलं’ हे उत्तर खरं आहे आणि सात वर्षांच्या मुलाला कळतं.

मुलीचे केस इतके का गुंततात? न्हाऊ घालायची पद्धत काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो लहान नाही. केसांवर आठवड्याला दीड-दोन तास जातात. तेवढा वेळ मूल तुमच्या हाताखाली बसलेलं असतं आणि स्वतःबद्दल काय ऐकायचं ते ऐकत असतं.

आधी कारण समजून घ्या. घट्ट वळणाच्या केसाचा आडवा छेद चपटा असतो. टाळूतून सुटणारं तेल त्या वळणांमधून टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून केस मुळाशी ठीक आणि टोकाशी कोरडे राहतात. प्रत्येक वळण ही तुटण्याची जागा असते. रोज शाम्पू, बारीक दातांचा कंगवा आणि कोरडे केस विंचरणं या तीन सवयी इथे चालत नाहीत.

सात ते दहा दिवसांतून एकदा धुवा. आधी बोटांनी मोठा गुंता सोडवून केसांचे चार भाग करा, दाट असतील तर सहा ते आठ, आणि प्रत्येक भाग सैल पिळून क्लिप लावा. सल्फेट नसलेला शाम्पू फक्त टाळूला लावायचा. टोकांना त्याचा वाहून येणारा फेस पुरतो. मग एकेक भाग सोडून भरपूर कंडिशनर चोपडा, इतका की केस हातातून सटकले पाहिजेत. आता रुंद दातांचा कंगवा टोकापाशी लावा. शेवटची दोन बोटं लांबी मोकळी झाली की थोडं वर, मग आणखी वर, असं मुळाकडे जा. गाठ लागली तर तिच्या वरचे केस मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ टाळूला न बसता तुमच्या मुठीला बसते. बहुतेक रडारड एवढ्याने थांबते.

धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपा. केस ओलसर असतानाच आधी पाण्याचा अंश जास्त असलेलं, न धुवायचं कंडिशनर लावा आणि त्यावर शिया बटर (शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल) किंवा तेल. मराठी घरांतून इथे नेमकी चूक होते. कोरड्या केसांत वाटीभर खोबरेल ओतलं जातं. तेल ओलावा देत नाही, आहे तो आत धरून ठेवतं. कोरड्या केसांवर थापलं तर केस तेलकटही होतात आणि कोरडेही राहतात. टाळूला खपल्या धरत असतील तर जड तेलाने त्या वाढू शकतात.

रात्री सॅटिनची टोपी किंवा सॅटिनचा अभ्रा वापरा. सुती कापड ओलावा शोषतं आणि घासतं.

वेण्या सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत, लहान मुलांच्या त्याआधीच सोडाव्यात. घट्ट झाल्याच्या खुणा ओळखायला शिका: कपाळाच्या कडेला बारीक पांढऱ्या पुटकुळ्या, भुवया ओढल्यासारख्या दिसणं, उशीवर डोकं टेकवता न येणं. दोन दिवसांत सैल होईल म्हणून थांबू नका, त्याच संध्याकाळी सोडा. सततच्या ओढीने कपाळाच्या कडेचे केस गळतात. वेळीच थांबलं तर परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर मुळं कायमची जातात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वेणीत मणी घालू नका, ते निघून तोंडात जातात.

केस सरळ करणारं रसायन मुलांना अजिबात नको. त्यातल्या अल्कलीने टाळू भाजते. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा अशी उत्पादनं वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. ही जोड आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण मुलीच्या बाबतीत जोखीम घेण्याचं काही कारणही नाही.

विंचरताना ‘किती हा ताप’, ‘कसे हे केस’ असं बोलू नका, फोनवर मावशीशीही नाही. थकलात तर ‘माझा हात दुखला, पाच मिनिटं थांबू’ म्हणा. त्यात दोष हाताचा राहतो.

शाळेने केसांवरून हरकत घेतली तर?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये ‘क्राउन कायदा’ केला. वेण्या, जटा, ट्विस्ट (पिळलेल्या बटा) यांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करायला त्याने बंदी घातली, आणि नंतर वीसहून जास्त राज्यांनी तसे कायदे केले. तुमच्या राज्याचं काय ते आधी बघा. ब्रिटनमध्ये समानता आणि मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये शाळांसाठी मार्गदर्शन काढलं आहे: नैसर्गिक आफ्रो केस किंवा वंशाशी निगडित केशरचना यांना अपवाद न ठेवता बंदी घालणं बेकायदा ठरण्याची शक्यता आहे. शाळेकडे गणवेशाचं धोरण लेखी मागा, कोणत्या कलमाखाली हरकत आहे ते लेखी विचारा, आणि मुलाला दरम्यान घरी बसवू नका. तोंडी चर्चेत ‘तसं म्हणायचं नव्हतं’ म्हणून विषय विरतो आणि पुढच्या महिन्यात परत येतो.

‘द टॉक’ म्हणजे काय? त्यात काय सांगतात?

पोलिसांशी गाठ पडली तर कसं वागायचं याचं बोलणं. त्याला हे नाव पडलं आहे, पण ते एकदाच करायचं नसतं. आठ-नऊ वर्षांपासून थोडं थोडं, बारा-तेराला तपशिलात, गाडी चालवायला लागल्यावर पुन्हा.

वय लवकर का? कारण बाहेरच्या जगाला हे मूल मोठं वाटतं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिप गॉफ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दहा वर्षांपासून पुढच्या कृष्णवर्णीय मुलग्यांना लोक कमी निष्पाप समजत होते, आणि गुन्ह्याचा संशय असला तर त्यांचं वय सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरत होते. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७च्या अहवालात मुलींबाबत हेच पाच वर्षांपासून दिसलं. क्लीव्हलँडमध्ये २०१४च्या नोव्हेंबरात बारा वर्षांचा टमीर राइस बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन होता. पोलिसांनी पोहोचताच काही क्षणांत त्याच्यावर गोळी झाडली. त्यानंतर कितीतरी घरांनी खेळण्यातली बंदूक घराबाहेर न्यायला कायमची बंदी घातली. परदेशात राहणाऱ्या मराठी काका-मामांनी वाढदिवसाला अशी भेट देण्याआधी आईवडिलांना विचारावं.

अमेरिकेत मुलाला शिकवायचं ते असं: हात दिसत राहू दे. पळू नको. खिशात, बॅगेत हात घालण्याआधी सांग, आणि हो म्हटल्यावर हळू घाल. ‘मी जाऊ शकतो का?’ असं शांतपणे विचार. झडतीला ‘माझी संमती नाही’ एवढंच म्हण, पण अंगाने अडवू नको. ताब्यात घेतलं तर ‘मला आईवडील आणि वकील हवेत’ आणि मग गप्प. गाडीत असशील तर इंजिन बंद, आतला दिवा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

इंग्लंड-वेल्समध्ये झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याने आपलं ठाणं, कारण, काय शोधतोय आणि कोणत्या कायद्याखाली हे सांगायला हवं. फक्त झडतीसाठी नाव-पत्ता देणं बंधनकारक नसतं. रस्त्यावर कोट, जॅकेट, हातमोजे यापलीकडे कपडे उतरवायला सांगता येत नाही. नोंदीची प्रत तीन महिन्यांच्या आत मागता येते. मुलाला त्याच ठिकाणी पावती मागायला शिकवा.

हे फक्त सांगून चालत नाही. दहा मिनिटं नाटक करा. तुम्ही अधिकारी व्हा, आवाज चढवा, मुलाला घाम फुटू द्या, मग थांबा, पाणी द्या, पुन्हा करा. शरीराला सवय नसेल तर ऐनवेळी शब्द आठवत नाहीत.

चुका कुठे होतात? बातमीत मृत्यू दिसला की त्याच रात्री घाबरलेल्या आवाजात तासभर सांगणं. मुलीला वगळणं. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘नीट वागलास तर काही होणार नाही’ हे वचन. ते खरं नाही, आणि काही झालं तर मूल स्वतःला दोषी धरतं. त्याऐवजी सांगा: ‘तुझं काम सुखरूप घरी येणं. कोण चुकलं ते आपण नंतर बघू, तक्रार मी करीन. आणि वाईट घडलं तर तो दोष तुझा नाही.’ बोलणं संपल्यावर त्याच दिवशी मुलासोबत त्याच्या आवडीचं काहीतरी करा. भीतीवर दिवस संपू देऊ नये.

शाळेत काय सांभाळावं?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०११-१२च्या आकडेवारीत बालवाडीतल्या मुलांपैकी १८ टक्के कृष्णवर्णीय होती. एकाहून जास्त वेळा निलंबित झालेल्यांत मात्र ४८ टक्के. चार वर्षांच्या मुलांचं हे आहे. ब्रिटनमध्ये कॅरिबियन मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या शाळांत कोंबलं जात होतं. ते १९७१मध्ये बर्नार्ड कोर्ड यांनी उघड केलं, आणि त्याने पालकांच्या शनिवारच्या पूरक शाळांच्या चळवळीला जोर आला. त्यांपैकी बऱ्याच आजही चर्चच्या किंवा समाजमंदिराच्या हॉलमध्ये गणित, इंग्रजी आणि आफ्रिकी इतिहास शिकवतात. जवळ असेल तर घाला.

एक सवय लावून घ्या. शिक्षकांशी प्रत्येक बैठकीनंतर चोवीस तासांत ईमेल: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ‘मूल आक्रमक आहे’ असं लिहून आलं तर विचारा, त्याने नेमकं काय केलं, किती वाजता, आधी काय झालं होतं, दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली. विशेषणाच्या जागी घटना आली की अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात. हुशार मुलांच्या वर्गासाठी शिक्षकाच्या शिफारशीची वाट बघू नका, चाचणी स्वतः लेखी मागा. इंग्लंडमध्ये शाळेने कायमचं काढलं आणि नियामक मंडळाने ते कायम ठेवलं, तर निर्णय कळल्यापासून शाळेच्या कामकाजाच्या पंधरा दिवसांत स्वतंत्र पुनर्विलोकन मागावं लागतं. ही मुदत दुःखात आणि धावपळीत हमखास निघून जाते.

गरोदरपणात आणि बाळंतपणात वेगळी काळजी का?

कारण डॉक्टर ऐकत नाहीत तेव्हा जीव जातात. अमेरिकेत २०२३मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचा मृत्युदर ५०.३ होता, गोऱ्या मातांचा १४.५. शिक्षण आणि पैसा असूनही फरक मिटत नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७मध्ये प्रसूतीनंतर श्वास लागला. फुप्फुसात गुठळी असल्याची शंका तिला स्वतःला आली, आणि सीटी स्कॅनसाठी तिला आग्रह धरावा लागला. गुठळ्या निघाल्या.

रक्तदाब १४०/९० झाला की त्याच दिवशी फोन. १६०/११०ला थेट दवाखाना. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके, उजव्या बरगडीखाली दुखणं, एकाच पायाला सूज, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर थांबू नये. बाळंतपणानंतर वर्षभर हा धोका असतो, सहा आठवड्यांनी संपत नाही. डॉक्टर तपासणी नाकारत असतील तर एक वाक्य उपयोगी पडतं: ‘मी ही तपासणी मागितली आणि तुम्ही अमुक कारणाने नाकारली, हे माझ्या फायलीत लिहा.’ ते सोबतच्या माणसाने म्हणावं. कळा देणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा करू नये.

बाळाच्या पाठीवर किंवा कुल्ल्यावर निळे-करडे डाग असतील (आपल्याकडच्या बाळांनाही असतात) तर ते पहिल्याच तपासणीत मापासह नोंदवून घ्या. नंतर पाळणाघरात कोणी ते माराचे वळ समजलं तर ही नोंद तुमचं घर वाचवते. कावीळ गडद त्वचेवर सहज दिसत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा. इसब लाल दिसण्याऐवजी जांभळट किंवा करडं दिसतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गडद त्वचेवर प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतं, तेव्हा आकडा बरा आणि बाळ मलूल असेल तर बाळावर विश्वास ठेवा.

सिकलसेलचं काय?

विदर्भातल्या वाचकांना हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. अमेरिकेत साधारण १३ कृष्णवर्णीय बाळांमागे एक वाहक असतं, म्हणजे स्वतःला आजार नसतो पण तो पुढच्या पिढीला देऊ शकतं. दोघेही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. जोडप्यातलं एक माणूस विदर्भातलं किंवा आदिवासी भागातलं असेल तर दोघांचीही तपासणी लग्नाआधीच करून घ्यावी. ‘हा आफ्रिकेचा आजार’ समजून मराठी बाजूची तपासणी राहून जाते.

‘कृष्णवर्णीय वडील घरात नसतात’ हे कितपत खरं?

जसं सांगितलं जातं तसं नाही. लग्न न करता राहणं आणि मुलापासून दूर राहणं या दोन गोष्टींची गल्लत होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३मध्ये दिलेल्या माहितीनुसार, लहान मुलांसोबत राहणाऱ्या वडिलांपैकी मुलाला रोज अंघोळ घालणं, कपडे घालणं, शी-शू बघणं हे करणारे कृष्णवर्णीय वडील ७० टक्के होते, गोरे ६० टक्के. वडील वेगळे राहत असतील तर ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी भेट ही महागड्या भेटवस्तूपेक्षा मुलाला जास्त धरून ठेवते.

नाव काय ठेवावं? पुढे नोकरीत अडचण येईल का?

अडचण खरी आहे. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांच्या २००४च्या प्रयोगात एकसारख्या अर्जांवर ‘गोरी’ नावं असतील तर मुलाखतीची बोलावणी सुमारे ५० टक्के जास्त आली. पण नाव लपवून दोष झाकला जातो, जात नाही. आमचं मत नाव पूर्ण ठेवावं असं आहे. घानातल्या अकान लोकांत जन्मवाराचं नाव असतं: शुक्रवारी जन्मलेला कोफी, शनिवारचा क्वामे, शनिवारची मुलगी अमा. योरुबा घरांत आठव्या दिवशी नामकरण होतं आणि बाळाला मध, मीठ, पाणी चाखवतात. बाराव्या दिवशी बारसं करणाऱ्या घराला दोन्ही समारंभ सहज करता येतात. मुलाला स्वतःच्या नावाचा उच्चार दुसऱ्याला शिकवायला चार वर्षांपासून शिकवा: नाव सांगायचं, तोडून सांगायचं, चुकलं तर हसून पुन्हा सांगायचं. टोपणनाव शिक्षकाने आपल्या सोयीने पाडू नये, हे पहिल्या दिवशी सांगून टाका.

आमचा नातू मराठी आणि आफ्रिकन-अमेरिकन आहे. आजी-आजोबांनी काय लक्षात ठेवावं?

‘उन्हात नको, काळी पडशील’, ‘धाकटी जरा उजळ आहे’, ‘केस तरी आईवर जायला हवे होते’ ही वाक्यं आपल्याकडे सहज निघतात आणि मूल ती वर्षानुवर्षं विसरत नाही. भावंडांच्या रंगाची तुलना अजिबात करू नका. व्हिडिओ कॉलवर पाहुण्यांना मूल दाखवताना कोणी काही बोललं तर तिथल्या तिथे, मुलासमोर थांबवा. नंतर कानात समजावल्याने मुलाला फक्त तुमचं मौन आठवतं. भारतात सुट्टीला आल्यावर लोक केसांना हात लावतात, फोटो मागतात. मुलाच्या वतीने ‘नको’ म्हणायचं काम आजीचं.

आणि हेही माहीत असू द्या की अमेरिकेचा समाज या मुलाला बहुतेक वेळा कृष्णवर्णीय म्हणूनच बघेल. तिथल्या जनगणनेत एकाहून जास्त वंश नोंदवायची सोयच २००० साली आली. ‘तो आपला, मराठी आहे’ म्हणून दुसरी बाजू पुसली तर त्याला रस्त्यावर लागणारी तयारी मिळत नाही. दोन्ही घरांचे सण ठेवा: गणपती तसाच १९ जूनचा जूनटीन्थ, १८६५मध्ये टेक्ससच्या गॅल्व्हस्टनमध्ये मुक्तीची घोषणा झाली तो दिवस.

पालकाची स्वतःची वाढ म्हणजे काय करायचं?

विल्यम क्रॉस यांनी १९७१मध्ये मांडलेली मांडणी इथे कामाची आहे. माणूस आधी वंशाला महत्त्व देत नाही. मग एखादा अनुभव हादरवतो. मग तो सगळं काही कृष्णवर्णीय असावं म्हणून झपाटतो. आणि पुढे ती ओळख शांतपणे अंगी मुरते. मोठेपणी, विशेषतः मूल झाल्यावर, हा फेरा पुन्हा सुरू होऊ शकतो. नवरा-बायको वेगळ्या टप्प्यांवर असतील तर भांडणं शाळेवरून होतात पण मूळ तिथे असतं. महिन्यातून एकदा, मूल झोपल्यावर, दोघांनी फक्त एवढंच बोलावं: मला लहानपणी याबद्दल काय सांगितलं गेलं आणि त्यातलं काय पुढे द्यायचं नाही.

मारण्याचा विषय इथेच येतो. ‘मी नाही मारलं तर पोलीस मारतील’ ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती प्रेमातून आली आहे. पण माराने मूल रस्त्यावर सुरक्षित होत नाही. ते चूक लपवायला शिकतं, आणि धोक्यात असताना घरी फोन करत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये मुलांना मारण्याला स्पष्टपणे विरोध नोंदवला आहे, स्कॉटलंडमध्ये २०२०पासून आणि वेल्समध्ये २०२२पासून ते मारणं बेकायदा आहे. हात उठलाच तर त्याच दिवशी मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून ‘मी तुला मारायला नको होतं’ एवढं म्हणा आणि ‘पण तू’ जोडू नका.

समुपदेशक निवडताना पहिल्याच फोनवर विचारा: वंशभेदाचा अनुभव सांगणाऱ्या लोकांबरोबर तुम्ही काम केलं आहे का, आणि कसं? उत्तरात ‘मी रंग बघत नाही’ आलं तर पुढचा नंबर फिरवा.

पूर्वज कसे शोधायचे? डीएनए चाचणी करावी का?

अमेरिकेत १८७०ची जनगणना ही भिंत आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं तिच्यात पहिल्यांदा आली. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आणि त्याखाली फक्त वय, लिंग, रंग. म्हणून आजपासून मागे, एकेक पिढी पक्की करत १८७०पर्यंत जा: जन्म-मृत्यू दाखले, विवाह नोंदी, सैन्याची कागदपत्रं. मग मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठीच्या सरकारी खात्याचे, फ्रीडमेन्स ब्युरोचे, १८६५ ते १८७२चे कागद आणि त्यांच्यासाठीच काढलेल्या, १८७४ला बुडालेल्या फ्रीडमन्स बँकेची खातेपुस्तकं बघा. खातेदाराच्या आईवडिलांची, भावंडांची, कधी जुन्या मालकाची नावं त्यांत आहेत, आणि ती फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्याआधीचं हवं तर मालकाचं मृत्युपत्र, वारसावाटप, गहाणखतं उघडावी लागतात. पणजीचं नाव भांडी आणि बैलांच्या यादीत, किमतीसह सापडतं. ते एकट्याने, रात्री वाचू नका. ब्रिटिश कॅरिबियनसाठी १८१३ ते १८३४च्या गुलामनोंदी लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांत नावं आहेत.

डीएनए चाचणीतले देशांचे टक्के अंदाज असतात आणि कंपनीने नमुने वाढवले की बदलतात. आईच्या किंवा वडिलांच्या सरळ रेषेची चाचणी दहा पिढ्या मागच्या १,०२४ पूर्वजांपैकी एकाबद्दलच बोलते. उपयोगी भाग असतो जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीचा. सरासरी आफ्रिकन-अमेरिकन माणसात २४ टक्क्यांच्या आसपास युरोपीय वंशांश असतो, आणि त्यामागे बहुधा मालकाने केलेला बलात्कार असतो. घरातल्या मोठ्यांना आधी विचारा की त्यांना हे कळायला हवं आहे का. अल्पवयीन मुलाची चाचणी करू नये; तो निर्णय त्याचा.

घानाचं नागरिकत्व मिळतं का?

मिळू शकतं. डायस्पोराला परत बोलावणाऱ्या २०१९च्या ‘परतीच्या वर्षा’च्या मोहिमेनंतर घानाने डायस्पोरातल्या लोकांना गटागटाने नागरिकत्व दिलं, नोव्हेंबर २०२४मध्ये ५२४ जणांना. बेनिननेही २०२४मध्ये गुलामांच्या वंशजांसाठी कायदा केला. मुलांना घानातल्या केप कोस्ट किंवा एल्मिनाच्या किल्ल्यात, जिथे जहाजावर चढवण्याआधी गुलामांना कोंडत, नेणार असाल तर दहा वर्षांखाली तळघरं टाळा, आणि त्याच सहलीत बाजार, शाळा, लग्न असं जिवंत काहीतरी नक्की बघा.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी काय संबंध?

जुना आणि थेट. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ची दलित पँथर नाव घेऊन आली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला, जंजिरा आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा. नाशिकच्या शरणपूरला गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी वाढवली. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरणारा संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता, आणि बरेच जण पुढे केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला गेले. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. मोंबासाकडच्या कोणाला आपल्या घराण्याचा धागा नाशिकला सापडला तर चर्च मिशनरी सोसायटीचे कागद आधी बघावेत.

भारतातल्या सिद्दी मुलांनाही हेच लागू पडतं का?

केस, त्वचा, सिकलसेल, शाळेतली चिडवाचिडवी, हे सगळं. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळ भागातले सिद्दी घरात कोकणी बोलतात, गुजरातमधले गुजराती. तरी त्यांना रेल्वेत ‘कुठल्या देशाचे?’ म्हणून विचारलं जातं. कर्नाटकातल्या सिद्दींना २००३मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. शाळेत प्रवेश घेतानाच जमातीचा दाखला काढून ठेवावा, कारण दहावीनंतर शिष्यवृत्तीच्या वेळी तहसील कार्यालयात आजोबांच्या काळचे पुरावे मागतात. शिक्षकांनी वर्गात सिद्दी मूल असेल तर इतिहासाच्या तासाला मलिक अंबरचं नाव घ्यावं, आणि त्या मुलाला ‘तुझ्या लोकांबद्दल सांग’ म्हणून उभं करू नये.